रीडमीमधली कमांड जशीच्या तशी टाकली तरी चालत नाही? आधी कंस, डॉलर आणि स्टार तपासा

रीडमी (प्रोजेक्टसोबत येणारी माहितीची फाइल) किंवा इतर डॉक्युमेंटेशनमधली कमांड कॉपी केली, टर्मिनलमध्ये चिकटवली, एंटर दाबलं आणि एरर आली. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मशीन लावून देताना हा एकच बिघाड मी सतत निस्तरत असतो. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर धड असतं, इन्स्टॉलेशनही धड असतं. फक्त माणसासाठी लिहिलेलं एखादं चिन्ह टर्मिनलच्या तोंडी पडलेलं असतं, किंवा टर्मिनलसाठीचं चिन्ह वाटेत कुणीतरी खाल्लेलं असतं.

(खाली कमांड, फाइलींची नावं आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीतून करायच्या.)

लक्षणं

- `कमांड नॉट फाउंड` येतं, आणि त्या ओळीत कमांडच्या नावाऐवजी नुसता `$` असतो.
- एंटर दाबलं, पण एरर नाही, आउटपुट नाही, काही झालंच नाही.
- `सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन`, आणि पुढे `न्यूलाइन` किंवा `<`.
- मॅकवर `नो मॅचेस फाउंड`, आणि पुढे चौकोनी कंसातलं काहीतरी.
- वेबपानावर कमांड अर्धवट दिसते. `सीपी` लिहिलंय आणि पुढे रिकामी जागा.
- फाइलचं नाव पानावर एक आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये दुसरंच.
- फाइल उघडली की जिकडेतिकडे `##`, `**`, `::`, नाहीतर टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी.
- मॅन पेज (टर्मिनलमध्ये `मॅन` ने उघडणारं कमांडचं माहितीपान) फाइलमध्ये साठवलं तर मथळ्यातलं प्रत्येक अक्षर दोनदोनदा उमटलेलं.
- कमांड डोळ्यांना अगदी बरोबर दिसते, तरी `नो सच फाइल ऑर डिरेक्टरी`.

हे चिन्ह कोणासाठी आहे?

पुढच्या सगळ्या तपासण्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत. साध्या मजकुरात लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक चिन्हाला तीनपैकी एक धनी असतो. पहिला म्हणजे वाचणारा माणूस: "इथे तुझ्या फाइलचं नाव घाल" हे त्याला सांगायचं असतं. दुसरा म्हणजे मजकुराचं सजवलेलं पान करणारा प्रोग्रॅम, म्हणजे रेंडरर: "हा शब्द ठळक कर" हे त्याच्यासाठी. तिसरा म्हणजे शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचणारा प्रोग्रॅम.

घोटाळा असा, की तिघांनाही चिन्हं तीच पुरवली जातात. `|` माणसाला "हे किंवा ते" सांगतो, मार्कडाउनच्या (साध्या चिन्हांनी मजकूर सजवायची एक पद्धत) तक्त्यात रकाने पाडतो आणि शेलमध्ये एका कमांडचं आउटपुट दुसरीत ओततो. `#` मार्कडाउनमध्ये मथळा, शेलमध्ये शेरा आणि ओळीच्या सुरुवातीला प्रॉम्प्ट म्हणून असेल तर "ही कमांड रूट युजरने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, चालवायची". चिन्ह कुणाचं ते ठरलं की निम्मं काम झालं.

तपासणी १: फाइल कुठल्या पद्धतीने लिहिली आहे?

याला काहीच खर्च नाही, म्हणून हे सगळ्यात आधी. फाइलच्या नावाची शेपटी बघा. `.एमडी` म्हणजे मार्कडाउन, `.आरएसटी` म्हणजे रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, `.एडॉक` म्हणजे ॲस्कीडॉक, `.पॉड` म्हणजे पर्लचं पॉड, `.ऑर्ग` म्हणजे इमॅक्सचा ऑर्ग मोड. शेपटीच्या जागी नुसता `.1` किंवा `.5` असा आकडा असेल तर ते मॅन पेजचं कच्चं रूप आहे.

हे का बघायचं? कारण एकाच चिन्हाचा अर्थ पद्धतीगणिक बदलतो. मार्कडाउनमध्ये एकेरी बॅकटिकमध्ये (उलट्या अवतरणचिन्हात) ठेवलेला मजकूर म्हणजे कोड. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये कोडसाठी दुहेरी बॅकटिक लागतात. पॉडमध्ये `सी<प्रिंट>` दिसलं तर टाइप करायचं ते फक्त `प्रिंट`. आधीचा `सी` आणि कोनी कंस हे पॉडचे. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन २००८ मध्ये लाटेकवरून रीस्ट्रक्चर्डटेक्स्टवर आलं, गिटचं ॲस्कीडॉकमध्ये आहे आणि गिटहबवरच्या बहुतेक रीडमी मार्कडाउनमध्ये. एकाच दिवसात तिन्ही वाचायची वेळ येते, त्यामुळे एकाची सवय दुसऱ्याला लावली जाते.

लगेच दुसरी गोष्ट करा: तीच ओळ दुसऱ्या रूपात बघा. सजवलेलं पान समोर असेल तर कच्ची फाइल उघडा (गिटहबवर त्यासाठी "रॉ" असं बटण आहे), आणि कच्ची फाइल समोर असेल तर सजवलेलं पान. दोन्हींत फरक दिसला तर दोष रेंडररच्या वाटेवर आहे, तपासणी ५ वर जा. फरक नसेल तर क्रमाने पुढे चला.

तपासणी २: ओळीची सुरुवात

ओळीच्या आरंभी `$` असेल तर तो प्रॉम्प्ट आहे, म्हणजे टर्मिनल स्वतः छापतं ते चिन्ह. "ही कमांड साध्या युजरने द्यायची" एवढंच ते सांगतं. तो चिकटवला की शेल `$` नावाची कमांड शोधायला लागतं आणि अर्थातच त्याला ती सापडत नाही.

`#` जास्त फसवा. बॅशमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये) `#` ने सुरू होणारी ओळ म्हणजे शेरा. त्यामुळे `# एपीटी इन्स्टॉल ...` असं चिकटवलं तर बॅश ती ओळ शांतपणे गिळतं, एररसुद्धा देत नाही. "इन्स्टॉल केलं पण सापडत नाही" या तक्रारीचं उगमस्थान पुष्कळदा हेच असतं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेल हे मूळ शेल आहे आणि ते मात्र थेट टाइप केलेल्या ओळीत `#` ला शेरा मानत नाही, `कमांड नॉट फाउंड` म्हणतं. म्हणजे एकच चूक, दोन मशीनवर दोन लक्षणं.

खरा धोका आहे `>` मध्ये. लांब कमांड दोन ओळींत तोडली की शेल दुसऱ्या ओळीपुढे `>` छापतं, आणि काही लेखक टर्मिनलवरून उचलून ते तसंच डॉक्युमेंटेशनमध्ये ठेवतात:

    $ टूल इम्पोर्ट \
    > डेटा.सीएसव्ही

आता पहिल्या ओळीचा `$` काढायचं लक्षात आलं, पण दुसऱ्या ओळीचा `>` राहून गेला, तर शेलला काय ऐकू येतं? "टूल इम्पोर्ट चालव आणि आउटपुट डेटा.सीएसव्हीमध्ये लिही." जी फाइल वाचायची होती ती त्या क्षणी रिकामी होते. कमांड पुढे चालली की फसली याने काही फरक पडत नाही, कारण शेल फाइल आधी मोकळी करतं आणि प्रोग्रॅम नंतर सुरू करतं. अशा उदाहरणांशी खेळण्याआधी टर्मिनलमध्ये `सेट -ओ नोक्लॉबर` देऊन ठेवा; मग `>` आधीपासून असलेल्या फाइलवर लिहायला नकार देतो. फुकटचा विमा आहे.

ओळीच्या शेवटी येणारा `\` मात्र खरा, तो टाइप करायचाच. पण त्याच्यानंतर एकही स्पेस चालत नाही, तो ओळीतलं शेवटचं अक्षरच असावा लागतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये त्याच कामाला बॅकटिक लागतो आणि जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `^`, म्हणून लिनक्ससाठी लिहिलेली बहुओळी कमांड तिथे तशीच चालत नाही.

पायथनच्या उदाहरणांतले `>>>` हेसुद्धा प्रॉम्प्टच. आयपायथन (पायथनचं जास्त सोयींचं टर्मिनल) ते स्वतःहून गाळतं, साधं पायथन सिंटॅक्स एरर देतं.

तपासणी ३: जागा भरायची आहे का?

सरकारी अर्जाच्या नमुन्यात "मी, (अर्जदाराचे पूर्ण नाव), राहणार (गाव)" असं छापलेलं असतं. कंस तसेच ठेवून कुणी सही करत नाही. `<फाइल>`, मोठ्या अक्षरांतलं `सोर्स`, तिरप्या अक्षरांतलं नाव, `युवर_टोकन_हिअर` या सगळ्या तशाच भरायच्या जागा आहेत.

इथे लोक दोन प्रकारे अडकतात. काहीच बदललं नाही, तर निदान एरर तरी येते: `कॅट <फाइल>` मध्ये `<` म्हणजे "या फाइलमधून वाच" आणि `>` म्हणजे "पुढच्या फाइलमध्ये लिही", पुढे फाइलच नाही, ओळ संपली, म्हणून बॅश `अनएक्स्पेक्टेड टोकन न्यूलाइन` म्हणतं. दुसरा प्रकार वाईट. आतला शब्द बदलला पण कंस ठेवले:

    टूल <जुनी.टीएक्सटी> नवी.टीएक्सटी

जुनी फाइल खरोखर अस्तित्वात आहे, त्यामुळे शेलला यात काहीच खटकत नाही. ते जुनी फाइल इनपुट म्हणून जोडतं आणि नवी फाइल पुसून आउटपुटसाठी उघडतं. एररचा पत्ता नाही आणि फाइल गेलेली.

चटकन ओळखायचं कसं? मॅन पेजात ठळक अक्षरांतलं जसंच्या तसं टाइप करायचं आणि तिरपं (बहुतेक टर्मिनलवर अधोरेखित) दिसतं त्याच्या जागी आपलं घालायचं, हा संकेत खुद्द `मॅन मॅन` या पानावर लिहिलेला आहे. साध्या मजकुरात कॉपी केलं की ठळक-तिरपं गळून जातं आणि दोन्ही शब्द सारखेच दिसायला लागतात. शंका आली तर मूळ पान टर्मिनलमध्ये उघडून बघा, कॉपी केलेल्या नोटवर विसंबू नका.

तपासणी ४: चौकोनी कंस, पाइप आणि तीन टिंबं

इथे थोडं थांबू, कारण हे एकदा नीट वाचता आलं की कुठल्याही कमांडची माहिती वाचता येते. `सीपी` च्या मॅन पेजवर ही ओळ आहे (मूळ पानावर `सीपी` सोडून बाकीचे शब्द मोठ्या लिपीत आहेत):

    सीपी [ऑप्शन]... सोर्स... डिरेक्टरी

`सीपी` लहान लिपीत, म्हणजे तसंच टाइप करायचं. `[ऑप्शन]` चौकोनी कंसात, म्हणजे दिलं तर दिलं, नाही तर नाही. त्याच्या पाठची तीन टिंबं म्हणजे अशी कितीही द्या. `सोर्स...` ला कंस नाही, म्हणून एक तरी हवंच. टिंबं आहेत, म्हणून जास्तही चालतील. `डिरेक्टरी` ला ना कंस ना टिंबं: एक, आणि एकच, शेवटी. तीन टिंबांना फोल्डर समजून टाइप करणारे लोकही मी पाहिले आहेत; एक टिंब म्हणजे हा फोल्डर आणि दोन म्हणजे वरचा हे माहीत असलेल्याला तिसऱ्याचा मोह होणारच.

कंस कुठे चिकटलाय तेही बघा. `एलएस` मध्ये `--कलर[=व्हेन]` आहे. इथे बरोबरचं चिन्ह कंसाच्या आत आहे, म्हणजे मूल्य द्यायचं तर `=` सकट, जोडून: `--कलर=ऑलवेज`. मध्ये स्पेस देऊन `--कलर ऑलवेज` लिहिलं तर `एलएस` त्या नावाची फाइल शोधायला जातं आणि सापडत नाही म्हणून कुरकुरतं.

पाइपचं (`|`) उदाहरण सर्व्हिसचं, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं:

    सर्व्हिस एनजिनएक्स स्टार्ट|स्टॉप|रीस्टार्ट

लेखकाला म्हणायचंय, तिघांपैकी एक निवडा. जसंच्या तसं चिकटवलं तर पहिला तुकडा खराच चालतो आणि पुढच्या दोघांवर सहसा `कमांड नॉट फाउंड` येतं. एरर दिसली म्हणून "काहीच झालं नाही" असं धरून चालू नका. सर्व्हिस सुरू झालेली असू शकते.

आता अपवाद, कारण अपवादानेच जास्त वेळ खाल्ला जातो. पिपमध्ये (पायथनच्या लायब्ररी बसवणारं टूल) `रिक्वेस्ट्स[सॉक्स]` मधला चौकोनी कंस खरा आहे, तो टाइप करायचाच. रिक्वेस्ट्ससोबत सॉक्स प्रॉक्सीचं जादा सामानही आण, असा त्याचा अर्थ. झेडशेलला मात्र चौकोनी कंस म्हणजे फाइलींची नावं जुळवायचा साचा वाटतो आणि जुळणारी फाइल मिळाली नाही की `नो मॅचेस फाउंड`. उपाय एवढाच, की सगळं नाव अवतरणचिन्हांत घाला. नियम म्हणून सांगायचं तर, सिंटॅक्स समजावणाऱ्या सारांशाच्या ओळीतले कंस माणसासाठी असतात आणि प्रत्यक्ष उदाहरणातले बहुधा खरे.

दोन किरकोळ गोष्टी उरकून घेऊ. `प्रिंटएफ(3)` मधला आकडा म्हणजे मॅन्युअलचा विभाग. १ मध्ये युजरच्या कमांड, ३ मध्ये लायब्ररीतली फंक्शनं, ५ मध्ये फाइलींची रचना. म्हणून `मॅन 3 प्रिंटएफ` आणि नुसतं `मॅन प्रिंटएफ` यांत वेगळी पानं उघडतात. आणि नॅनो एडिटरच्या तळाशी दिसणारं `^एक्स` म्हणजे कंट्रोल दाबून एक्स, तर `एम-` म्हणजे आल्ट.

तपासणी ५: रेंडररने काही खाल्लंय का?

तपासणी १ मध्ये कच्ची फाइल आणि सजवलेलं पान वेगळं निघालं असेल तर दोष इथे सापडेल. लेखक कोडभोवती बॅकटिक घालायला विसरला, की रेंडरर आतल्या चिन्हांवर आपला हक्क सांगतो.

पायथनची `__इनिट__.पीवाय` घ्या. बॅकटिक नसले तर दोन्हीकडचे दुहेरी अंडरस्कोर "ठळक करा" या अर्थाने वापरले जातात आणि पानावर उरतं ठळक इनिट आणि पुढे .पीवाय. वाचणारा इमानदारीत त्याच नावाची फाइल बनवतो. स्टारचंही तेच: एकाच परिच्छेदात `एसआरसी/*/कॉन्फ` आणि `टेस्ट/*/कॉन्फ` असे दोन मार्ग आले तर दोन्ही स्टार जोडीने गायब होतात आणि मधला मजकूर तिरपा. परिच्छेदातलं एखादं वाक्य विनाकारण तिरपं दिसलं, तर त्याच्या दोन टोकांना काहीतरी गळलंय असं समजा.

कोनी कंसांचं प्रकरण मजेशीर आहे. मार्कडाउनमध्ये एचटीएमएल चालतं, त्यामुळे उघड्यावर लिहिलेला `<सोर्स>` इंग्रजी अक्षरांत असेल तर रेंडरर त्याला एचटीएमएल टॅग समजतो आणि पानावर काहीच दिसत नाही. अर्धवट `सीपी` चं मूळ हेच. कॉमनमार्कच्या (मार्कडाउनची नेमकी नियमावली) नियमाप्रमाणे टॅगच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन बसतात. म्हणून `<फाइल-नेम>` इंग्रजीत लिहिलं तर नाहीसं होतं आणि `<फाइल_नेम>` अंडरस्कोरमुळे वाचतं! एकाच पानावर एक जागा दिसते आणि दुसरी नाही, याचं कोडं इथे सुटतं.

"गिटहबवर नीट दिसतं, आमच्या साइटवर बिघडतं" याचंही उत्तर जवळपासच आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा त्याच्या वर्णनात बऱ्याच कोपऱ्यांतल्या गोष्टी मोकळ्या राहिल्या, आणि प्रत्येक रेंडररने त्या आपापल्या परीने भरल्या. नेमके नियम मांडणारं कॉमनमार्क २०१४ मध्ये आलं, गिटहबने आपल्या बोलीचे नियम २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. एमकेडॉक्स (डॉक्युमेंटेशनची साइट बनवणारं टूल) वापरतं ते पायथन-मार्कडाउन जुन्या वळणाचं: परिच्छेदानंतर यादी सुरू करायची तर मध्ये मोकळी ओळ हवी, पोटयादीला चार स्पेस हव्यात. गिटहबला दोन्हींची गरज पडत नाही. फाइल तुमची असेल तर कडक नियम पाळा, दोन्हीकडे चालेल.

तपासणी ६: अक्षर तेच दिसतं, पण तेच आहे का?

कमांड वर्डच्या फाइलमधून, मेलमधून किंवा फोनवरून फिरून आली असेल तर हे बघा. दोन हायफनचा एक लांब डॅश झालेला असतो, त्यामुळे `--हेल्प` हा ऑप्शन राहतच नाही. सरळ अवतरणचिन्हांची गोलाई झालेली असते. शेलला ती अवतरणचिन्हं वाटतच नाहीत, त्यामुळे स्पेस असलेलं फाइलचं नाव दोन तुकड्यांत फुटतं. व्हॉट्सॲपवर तर स्टार, अंडरस्कोर आणि टिल्ड तिन्ही सजावटीची चिन्हं आहेत. ऑफिसच्या ग्रुपवर कमांड टाकायचीच असेल तर दोन्ही बाजूंना तीन-तीन बॅकटिक लावा, किंवा सरळ टेक्स्ट फाइल पाठवा.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे न दिसणारी अक्षरं. ओळ एका फाइलमध्ये चिकटवा आणि लिनक्सवर `कॅट -ए` ने (इंग्रजीतलं मोठं ए) बघा. ओळीचा शेवट `$` दिसतो, टॅब `^आय`, विंडोजच्या वळणाचा ओळशेवट `^एम$`, आणि वेबपानावरून आलेली न तुटणारी स्पेस `एम-बीएम-` अशी. मेकफाइलमध्ये (`मेक` या टूलच्या सूचनांची फाइल) टॅबच्या जागी स्पेस आल्या की `मिसिंग सेपरेटर` येतं ते इथेच पकडता येतं. फाइलमध्ये मराठी मजकूर असेल तर तो सगळाच `एम-` च्या गचडीसारखा दिसेल, त्याने घाबरू नका. युनिकोड त्याला तसाच दिसतो.

शंकास्पद चिन्ह सापडलं की दुरुस्त करत बसू नका, ती ओळ हाताने पुन्हा टाइप करा. कमी वेळ लागतो.

तपासणी ७: मॅन पेजातला कचरा

अक्षरं दोनदोनदा उमटणं ही टाइपरायटर वळणाच्या टर्मिनलची उरलेली खूण आहे. युनिक्सच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या काळच्या छापणाऱ्या टर्मिनलवर ठळक करायचं तर अक्षर छापायचं, एक घर मागे यायचं, पुन्हा तेच छापायचं. अधोरेखित करायचं तर आधी अंडरस्कोर, एक घर मागे, मग अक्षर. काही सिस्टिमवर मॅन पेज फाइलमध्ये वळवलं की ही "एक घर मागे" चिन्हंही सोबत येतात. एडिटरने ती दाखवली तर `^एच` दिसतं, लपवली तर जोडअक्षरं. `मॅन एलएस | कॉल -बी` करून मग फाइलमध्ये वळवलं की पान स्वच्छ.

`ईएससी[1एम` असलं काही दिसत असेल तर ते रंग आणि ठळकपणाचे नव्या वळणाचे कोड आहेत, `कॉल` ने जात नाहीत. नुसतं वाचायचं असेल तर `लेस -आर` (मोठं आर) पुरतं. आणि `.एसएच` वगैरे टिंबाच्या ओळी म्हणजे तुम्ही ट्रॉफमधलं (मॅन पेज ज्या पद्धतीने लिहितात ती) कच्चं पान एडिटरमध्ये उघडलंय, `मॅन ./फाइल.1` असं फाइलच्या वाटेसकट दिलं की ते नीट उघडतं.

मराठीत डॉक्युमेंटेशन लिहीत असाल तर

हे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही म्हणून वेगळं सांगतो. मार्कडाउनला यादीसाठी इंग्रजी आकडेच कळतात. `१.`, `२.` असं देवनागरीत लिहिलं तर यादी होत नाही आणि सगळ्या पायऱ्या एका परिच्छेदात गोळा होतात. फाइलमध्ये `1.` लिहा.

दुसरं म्हणजे आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. `_इनपुट_ला` असं लिहिलं तर कॉमनमार्क अंडरस्कोर शब्दाच्या पोटात आहे असं समजून तो तसाच ठेवतं. `*इनपुट*ला` मात्र चालतं. त्यातही गोम आहे: बंद करणाऱ्या स्टारच्या आधी अवतरणचिन्ह किंवा कंस असेल आणि नंतर लगेच प्रत्यय, जसं `**"इनपुट"**ला`, तर ठळक होत नाही आणि स्टार पानावर उघडे पडतात. अवतरणचिन्हं स्टारच्या बाहेर काढा. बॅकटिकला यातलं काहीच बाधत नाही, म्हणून कमांडच्या नावांना सरळ तेच वापरावेत.

इथे थांबा आणि माहीतगाराला बोलवा

कमांड सर्व्हरवर रूट म्हणून चालवायची असेल आणि तिच्यातल्या एका जरी चिन्हाचा धनी तुम्हाला सांगता येत नसेल, तर चालवू नका. सिस्टिम ॲडमिनला ओळ दाखवा. आधी पुढे `एको` (दिलेलं नुसतं छापणारी कमांड) लावून बघू, हा सल्ला अनेक जण देतात आणि एरवी तो चांगला आहे, पण ओळीत `>` असेल तर `एको` सुद्धा फाइल पुसतो.

डिस्कला हात लावणाऱ्या कमांडमध्ये `डीडी` (डेटा जसाच्या तसा डिस्कवर लिहिणारी कमांड) ची उदाहरणं `/डेव्ह/एसडीएक्स` अशी लिहितात. त्यातला शेवटचा एक्स ही भरायची जागा आहे. तिथे चुकीचं अक्षर घातलं तर चुकीची डिस्क पुसली जाते आणि परत आणायचा बटण नसतो. `डीडी`, `एमकेएफएस` (डिस्क फॉरमॅट करणारी), पार्टिशनची कामं, चालू डेटाबेसवरचं मायग्रेशन: यांत अंदाजाने कंस काढून बघण्याचा प्रयोग करायचा नाही.

कमांड अर्धी चालून फसली असेल तर पुन्हा चालवू नका, टर्मिनल बंदही करू नका. स्क्रीनवरचं सगळं जपून ठेवा. फाइल रिकामी झाली असेल तर त्या डिस्कवर आणखी काही लिहिणं थांबवा आणि बॅकअप ज्याच्या ताब्यात आहे त्याला गाठा.

डॉक्युमेंटेशन आणि तुमच्याकडची आवृत्तीच वेगळी असेल, `--हेल्प` मध्ये तो ऑप्शन दिसतच नसेल, तर दोष चिन्हांचा नाही. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना कळवा. कळवताना चार गोष्टी द्या: कच्च्या फाइलमधली मूळ ओळ, पानावर ती कशी दिसते त्याचा स्क्रीनशॉट, तुम्ही नेमकं काय टाइप केलंत, आणि आलेली एरर संपूर्ण. ऑपरेटिंग सिस्टिम आणि शेल कोणतं तेही लिहा. शेलचं नाव `एको $0` ने बहुधा कळतं. इथला डॉलर मात्र टाइप करायचा.